आमची वाटचाल: 15 येनची कांडी, पिशवीतली हवा

तोक्योच्या एदोगावा भागात, निशिकासाइला, आम्ही दागाशीच्या मिश्र पिशव्या भरून विकतो. दागाशी म्हणजे चिल्लरीत येणारा पोरांचा खाऊ. एदो काळात (1603 ते 1868) पांढरी साखर बड्यांच्या मिठाईत जाई. गोरगरिबांच्या वाट्याला गुळासारखी काळी साखर आणि मिझुआमे हा चिकट पाक. म्हणून 'दा', म्हणजे हलक्या प्रतीचं. हिशेब तेव्हाही नगावर होता, आजही नगावरच.

'उमाइबो' ही मक्याची कांडी 1979 साली 10 येनला आली. एप्रिल 2022 मध्ये ती 12 येनची झाली, ऑक्टोबर 2024 मध्ये 15 ची. आमच्या 500 येनच्या पिशवीत पाच कांड्या असत. 50 चे 75 झाले. भाव तोच ठेवून दोन कांड्या कमी केल्या. पण खरा खर्च हवेचा. 30 कांड्यांचं पाकीट भरतं जेमतेम 180 ग्रॅम, आणि कुरियरवाला खोक्याच्या तिन्ही बाजूंची बेरीज मोजतो. ती 60 सेंटिमीटरच्या वर गेली की थेट 80 सेंटिमीटरच्या खोक्याचा दर. म्हणून कांड्या सगळ्यात वर, आडव्या, एकाच थरात. जड गोळ्या तळाला. उलटं भरलं की घरी चुरा पोचतो.

गिऱ्हाईक बहुतेक भारतीय, त्यामुळे पहिला प्रश्न 'शाकाहारी आहे का?' इथे आम्ही सुरुवातीला फसलो. फक्त ॲलर्जीची चौकट वाचत होतो. तिच्यात जिलेटिन सहसा दिसतं, पण कात्सुओ माशाचा अर्क दिसत नाही, कारण तो त्या यादीतच नाही. घटकांची पूर्ण यादी वाचावी, तर छापायची जागा साधारण 30 चौरस सेंटिमीटर किंवा कमी असली की ती गाळायची मुभा आहे. म्हणजे छोट्या गोळीच्या वेष्टनावर काहीच कळत नाही. घाऊक खोक्यावरचं लेबल जपून ठेवावं लागतं. नवीन खोकं आलं की त्याचा फोटो काढतो, जुन्याशी ताडून पाहतो. चव बदलली की घटकही बदलतात. 'बिग कात्सु' ('कात्सु' म्हणजे कटलेट) दिसतो मांसाच्या कटलेटसारखा, पण आत माशाच्या लगद्याचा पापुद्रा असतो. नावावर जाऊच नये.

जूनमधला पाऊस फुगाशीचा वैरी. गव्हाच्या ग्लुटेनचा हा हलका दांडा, वरून काळ्या साखरेचा लेप. दमट हवेत लेप आधी चिकटतो, मग दांडा चामट होतो. खोकं फोडलं की उरलेला माल त्याच दिवशी घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेल घालून. चॉकलेटचा माल 28 अंशांच्या वर ठेवायचा नाही, म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये पिशवीतून तो बादच.

किनाको-बो, म्हणजे भाजलेल्या सोयाबीनच्या पिठाची कांडी, पोस्टाने पाठवत नाही. तिच्या काडीचं टोक लाल निघालं की आणखी एक फुकट. ते बक्षीस दुकानातच देता येतं. खोक्यात बक्षिसाचे नग धरलेले असतात. सगळे विकले तर देणार कुठून?

संक्रांतीला मागणी कोनपेइतोची, म्हणजे साखरेच्या काटेरी दाण्यांची. शब्द पोर्तुगीज 'कॉन्फेइतो'वरून आला. 1569 मध्ये ओदा नोबुनागा या जपानी सरदाराला हे दाणे भेट देणारा पाद्री लुइस फ्रोइश जपानला गोव्याहूनच आला होता. कृती आपल्या काटेरी हलव्याचीच: गरम, फिरत्या कढईत साखरेच्या कणांवर पाक थोडा थोडा, साधारण दोन आठवडे. पाक घाईने ओतला की दाणे एकमेकांना चिकटतात, काटा येत नाही. हलव्याच्या जागी हे चालतात, फक्त गुलाबी दाण्यांचा रंग बघून घ्यायचा. लेबलवर कोचिनिल असेल तर तो किड्यापासूनचा; मग नुसते पांढरेच भरतो.