खूण

22 डिसेंबरला मी पुण्याहून राहुरीजवळच्या आमच्या गावी पोचले. वाटलं होतं, आई करंज्यांच्या गडबडीत असेल. ती पडवीत जुनी पातळं फाडत बसली होती. शेजारच्या वहिनींची लेक पहिलटकरीण, माहेरी आलेली, दिवस भरलेले.

"अजून रवा भाजला नाहीस?" मी विचारलं.

"भाजू की. ते लेकरू काय रव्यासाठी थांबणारंय?"

बाळंत्याला नवं कापड चालत नाही. त्याची खळ बाळाच्या अंगाला टोचते. दहा-बारा वर्षं धुऊन धुऊन मऊ पडलेलं सुती पातळच लागतं. आई आधी काठ काढून टाकायची, मग कडेला दातांनी चीर पाडून कापड टर्रकन उभं फाडायची. एका पातळाची आठ बाळंती झाली. ढिगात तिचं ते जांभळं, पांढऱ्या बुट्ट्यांचं पातळ दिसलं आणि माझ्या घशाशी आलं, "हे नको." लहानपणी देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, उपदेश लांबला की मी त्याच पदराखाली झोपायचे. पण तोवर तिने चीर पाडली होती.

दादा जूनमध्ये गेले. त्यांच्याशिवायचा हा पहिलाच नाताळ. नाताळाआधीच्या आगमनकाळाचे चारही रविवार मी पुण्याच्या देवळात जाऊन बसले, मेणबत्त्या पेटताना पाहिल्या, पण प्रार्थना म्हणून ओठांवर काही येईना. देवाकडे पाठ फिरवली नव्हती. बोलायला शब्द नव्हते, एवढंच.

त्या संध्याकाळी आईने नेहमीसारखा बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय काढला. शेतात रात्री कळप राखणाऱ्या मेंढपाळांना देवदूत सांगतो, "बाळंत्याने गुंडाळलेले व गव्हाणीत ठेवलेले बालक" तुम्हाला आढळेल, हीच खूण. चाळीस वर्षं ऐकते आहे. पण त्या दिवशी बोटांना जुन्या सुताचा मऊपणा अजून लागून होता, म्हणून त्या शब्दापाशी थांबले. मराठीत हा शब्द ज्यांनी निवडला, त्यांनी बाळंतिणीची खोली आतून पाहिलेली असणार. आपण दारावर चांदणी लावतो, पण चांदणी मत्तयाच्या शुभवर्तमानातली, ती पूर्वेकडच्या ज्ञानी लोकांसाठी. मेंढपाळांना तारा कोणी दाखवला नाही. कळप राखत बसलेल्या त्या माणसांना सांगितलं ते घरातलं कापड आणि गुरांची गव्हाण.

गव्हाण तर आमच्या घरामागेच आहे. दादा पहाटे तिच्यात कडबा टाकायचे. गाईंच्या माना घासून घासून तिची कड गुळगुळीत झाली आहे. आता गाय नाही. रात्री जेवणं झाल्यावर मी तिथे गेले आणि त्या कडेवर हात ठेवून उभी राहिले. थंडी मी म्हणत होती. लांब कोणाच्या तरी रानात धनगरांची मेंढरं बसवली होती, त्यांची कुत्री भुंकत होती. मी काही मागितलं नाही, काही बोललेही नाही. तरी एकटी नव्हते. हे याहून नीट मला सांगता येणार नाही.

त्याच रात्री वहिनींच्या लेकीला मुलगी झाली.

नाताळच्या सकाळी उपासना झाली, टाळ-मृदंगावर भजनं झाली, दादांच्या जागेवर कोणी बसलं नाही. दुपारी दवाखान्यातून मायलेकी घरी आल्या. संध्याकाळी करंज्या-चकल्यांचं ताट घेऊन मी गेले, तर खोलीत शेगडी, ओव्याची धुरी आणि खाटेवर आईच्या जांभळ्या पातळात घट्ट गुंडाळलेलं ते एवढंसं तोंड.

"ताई, घे की जरा," वहिनी म्हणाल्या. घेतलं आणि दोन मिनिटांत माझा हात ओला झाला. वहिनींनी झटकन बाळंतं बदललं. ओली चार-पाच कोपऱ्यात साठली होती, त्यांचा जीव दमला होता. मी ती उचलली, आमच्या मोरीत गरम पाण्यात खळबळून काढली आणि पडवीतल्या तारेवर टाकली. वर चांदणीतला दिवा लागला होता. आई आतून म्हणाली, "नीट झटकून टाक, सुरकुत्या टोचतात." मी पुन्हा एकेक काढलं, झटकलं आणि सरळ करून वाळत घातलं.