भांडण जमिनीवरचं, तोडगा भिंतीवर

ठाण्यातल्या आमच्या वन बीएचकेमध्ये ठकी आणि बंड्या या दोन मांजरांचं पटत नव्हतं, आणि त्याचं कारण होतं पॅसेज. स्वयंपाकघरातून हॉलमध्ये यायची ती एकच वाट, आणि बंड्या नेमका तिथेच आडवा पसरायचा. ठकीला पाणी प्यायचं तर त्याच्या पंजासमोरून जाणं आलं. मग फिस्सकारणं, फटका, आणि देवघरातून सासूबाईंची हाक, "अगं, बघ गं जरा या दोघांकडे!"

मांजर स्वतः शिकार करतं, तसं मोठ्या जनावरांचं भक्ष्यही असतं. त्यामुळे पाठीशी भिंत आणि खालचं सगळं नजरेत, अशी जागा मिळाली की ते निवांत होतं. फ्रिजवर, कपाटावर, माळ्यावरच्या बॅगांवर चढून बसतं ते यासाठीच. शिवाय ज्यांना एकमेकांचं तोंड बघायचं नाही, त्यांना एकच खोली वर-खाली वाटून घेता येते.

ऑनलाइन मिळणारे कॅट ट्री, म्हणजे मांजरांना चढायला-बसायला केलेले फळ्यांचे स्टँड, मला पटले नाहीत. बरेचसे पुठ्ठ्याच्या नळकांड्यांवर उभे. बंड्यासारखा धटिंगण धावत येऊन आदळला की डुलणारच. आणि फळी एकदा डुलली की मांजर तिच्या वाटेला जात नाही. शेवटी भिंतीवरच फळ्या ठोकून घ्यायला सुतारकाकांना बोलावलं. "ताई, पुस्तकं ठेवायचीत की शोपीस?" मांजरं म्हटल्यावर काकांनी बंड्याला नीट न्याहाळलं. "हा उडी मारणार. म्हणजे वजन तिप्पट धरून चालू."

१८ मिमीचं प्लाय, दहा इंच रुंद. प्रत्येक फळी आधीच्या फळीपेक्षा फूटभर वर आणि जरा बाजूला. वर जुन्या योगा मॅटचे तुकडे चिकटवले, कारण सनमायकावरून पाय घसरतात. आतल्या भिंती सायपोरेक्सच्या, म्हणजे हलक्या सच्छिद्र ब्लॉकच्या, त्यांत साधे प्लास्टिकचे प्लग धरत नाहीत, म्हणून काकांनी ब्रॅकेट कॉलममध्ये आणि बाहेरच्या विटांच्या भिंतीत ठोकले. सीलिंग फॅनच्या टप्प्यात एकही फळी येऊ दिली नाही. परदेशी व्हिडिओंत हा मुद्दा सहसा नसतोच.

फळ्यांची वाट वर जाऊन तिथेच संपली तर वरच्याची कोंडी होते. म्हणून आमच्या वाटेचं एक टोक कपाटावर उतरतं, दुसरं खिडकीच्या कट्ट्यावर. बंड्या पॅसेजमध्ये लोळत पडलेला असतो आणि ठकी त्याच्या डोक्यावरून पाण्यापर्यंत पोचते. त्याला कळतं, पण उठायचा कंटाळा.

खिडकीला मच्छरदाणीच्या जाळीवर विसंबू नका, धातूची घट्ट जाळी लावा. न्यूयॉर्कमध्ये इमारतींवरून पडून दवाखान्यात आलेल्या १३२ मांजरांचा अभ्यास १९८७ साली प्रसिद्ध झाला. उपचार झालेल्यांपैकी ९० टक्के वाचली, हा आकडा लोक कौतुकाने सांगतात. पण जी जागीच गेली त्यांना दवाखान्यात कोण नेणार? ती या हिशेबात नाहीतच.

ठकीचं आता वय झालंय. चढताना ठीक, पण उतरताना पुढच्या पायांवर सगळा भार येतो. कट्ट्याखाली दोन बुटक्या पायऱ्या करून द्यायला सुतारकाका पुढच्या रविवारी येणार आहेत. उरलेलं प्लाय त्यांनी बाल्कनीतच ठेवलंय.