तुम्ही विचारलंत म्हणून: संगणकावरच रसायनशास्त्र करायचे, तर कॉम्प्युटर सायन्सच का नको?

प्रवेशाच्या दिवसांत हा प्रश्न मला दरवर्षी हमखास विचारला जातो, आणि विचारणारे बहुधा पालक असतात. मुलीला रसायनशास्त्र आवडते, संगणकातही गती आहे, आणि काही विद्यापीठांत रसायनशास्त्राच्या पदवीबरोबरच संगणन आणि रेणूंचे डिजिटल मॉडेलिंग शिकता येते हे त्यांच्या कानावर आलेले असते. मग ते म्हणतात, "सर, सगळे पडद्यावरच करायचे असेल, तर इतकी वर्षे प्रयोगशाळेत कशाला घालवायची? सरळ कॉम्प्युटर सायन्सला प्रवेश घेतला तर काय बिघडले?" प्रश्न रास्त आहे आणि त्यामागे फीची व नोकरीची खरी काळजी आहे. उभ्या उभ्या दिलेल्या दोन वाक्यांनी त्याचे समाधान होत नाही, म्हणून येथे सविस्तर लिहितो.

संगणकीय रसायनशास्त्र या विषयाचा पाया 1926 साली श्रोडिंगर या भौतिकशास्त्रज्ञाने मांडलेल्या समीकरणात आहे. रेणूमध्ये कोणते अणू आहेत आणि इलेक्ट्रॉन किती आहेत एवढे सांगितले, की त्या रेणूची ऊर्जा, आकार आणि कंपने या समीकरणातून तत्त्वतः मिळू शकतात. 1929 मध्ये डिरॅक या भौतिकशास्त्रज्ञाने स्पष्टच लिहिले होते की रसायनशास्त्राला लागणारे मूलभूत नियम आता माहीत झाले आहेत. अडचण इतकीच, की त्यांतून निघणारी समीकरणे सोडवता येण्यापलीकडची आहेत. एकापेक्षा अधिक इलेक्ट्रॉन असलेल्या रेणूसाठी हे समीकरण नेमकेपणाने सुटत नाही, ते अंदाजानेच सोडवावे लागते. कोणता अंदाज कोणत्या रेणूसाठी चालतो, कुठे तो तोंडघशी पाडतो आणि ते ओळखायचे कसे, हेच या अभ्यासक्रमात मुख्यतः शिकायचे असते. प्रोग्राम लिहिणे हा त्यातला आवश्यक, पण लहान भाग आहे.

पाण्याचाच रेणू घेऊ. आमच्याकडे पहिले प्रात्यक्षिक त्याचेच असते. इनपुट फाईल पाच-सहा ओळींची: गणनेची पद्धत, बेसिस सेट (इलेक्ट्रॉनांचे वर्णन करण्यासाठी निवडलेल्या गणिती सूत्रांचा संच), रेणूवरील विद्युतभार आणि तीन अणूंचे ढोबळ स्थान. साध्या लॅपटॉपवर काही सेकंदांत उत्तर येते. हार्ट्री-फॉक पद्धत आणि सर्वांत लहान बेसिस सेटांपैकी एक वापरला, तर पाण्याचा बंधकोन, म्हणजे दोन बंधांमधला कोन, 100 अंश येतो. जरा मोठा बेसिस सेट घेतला की तो 105.5 अंश होतो. प्रयोगाने मिळालेले मूल्य 104.5 अंश आहे. विद्यार्थ्यांना वाटते की आणखी मोठा बेसिस सेट घेतला की उत्तर आणखी जवळ जाईल. प्रत्यक्षात याच पद्धतीने पुढे जात राहिले तर कोन 106 अंशांच्याही वर सरकतो. म्हणजे मधले चांगले उत्तर दोन त्रुटींनी एकमेकींना सांभाळून घेतल्यामुळे आलेले होते. हार्ट्री-फॉकमध्ये प्रत्येक इलेक्ट्रॉनला बाकीच्या इलेक्ट्रॉनांचा केवळ सरासरी प्रभाव जाणवतो. ते एकमेकांना क्षणोक्षणी कसे टाळतात हे त्यात धरलेलेच नसते. ती उणीव बेसिस सेट वाढवून भरून निघत नाही. बरोबर दिसणारे उत्तर योग्य कारणाने बरोबर आहे का, हा प्रश्न विचारण्याची सवय विद्यार्थ्याला पहिल्या महिन्यातच लागावी, असा माझा आग्रह असतो.

अचूकतेची गरज किती असते, तेही सांगितले पाहिजे. पाण्याच्या एका रेणूची एकूण ऊर्जा सुमारे 76 हार्ट्री (अशा गणनेतले ऊर्जेचे एकक) येते, म्हणजे मोलला जवळजवळ 47,700 किलोकॅलरी. आणि रासायनिक अभिक्रियेचा वेग ठरवणाऱ्या ऊर्जेत केवळ 1.4 किलोकॅलरीची चूक झाली, तरी सामान्य तापमानाला वेगाचे भाकीत दहा पटींनी चुकते. एवढ्या मोठ्या संख्यांच्या वजाबाकीतून एवढा लहान फरक काढायचा असल्यामुळे, सॉफ्टवेअरने दशांशानंतर आठ-दहा आकडे छापले तरी त्यांतले विश्वासार्ह किती, हे माणसालाच ठरवावे लागते.

माझ्या मते या विषयातले सर्वांत शिकवून जाणारे प्रात्यक्षिक मात्र अमोनियाचे आहे. नायट्रोजन आणि तीन हायड्रोजन, असे चारही अणू मुद्दाम एकाच प्रतलात ठेवून गणना सुरू करायला सांगतात. रेणू सपाट आणि सममित असल्यामुळे कोणत्याही अणूवर प्रतलाबाहेर ढकलणारे बल नसते. प्रोग्राम बंध थोडे लांब-आखूड करतो, बले शून्याच्या जवळ आली की थांबतो आणि गणना पूर्ण झाल्याचे कळवतो. विद्यापीठांत मोफत मिळणारे ऑर्का हे सॉफ्टवेअर तर अशा वेळी चक्क 'हुर्रे' असे छापते. पडद्यावर सुबक सपाट रेणू दिसतो. पण अमोनिया सपाट नसतो हे पदवीच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला ठाऊक असते, किंवा असायला हवे. त्यात हायड्रोजन-नायट्रोजन-हायड्रोजन कोन सुमारे 107 अंशांचा असून नायट्रोजन तीन हायड्रोजनांच्या प्रतलाबाहेर असतो. मग कंपनांची गणना लावतात, आणि तिच्या यादीत एक संख्या ऋण चिन्हासह येते. ऊर्जेच्या दृष्टीने हा सपाट आकार घाटातल्या खिंडीसारखा असतो: आडव्या दिशेने पाहिले तर दोन्ही बाजूंना चढ, पण वाटेने चालणाऱ्यासाठी तोच सर्वांत उंच बिंदू आणि पुढे-मागे उतार. ती ऋण संख्या त्या उताराची खूण असते. अमोनियाचा रेणू एका बाजूने दुसऱ्या बाजूला उलटतो तो या आकारातून, आणि त्यासाठीचा अडथळा मोलला सुमारे 5.8 किलोकॅलरींचा आहे.

गोष्ट येथेही संपत नाही. प्रत्यक्षात अमोनियाचा रेणू तो अडथळा चढून न जाताही पलीकडे पोहोचतो. हायड्रोजन हलके असल्यामुळे ते क्वांटम टनेलिंगने, म्हणजे जणू अडथळ्यातल्या बोगद्यातून, पार होतात, आणि त्यातून सेकंदाला सुमारे 24 अब्ज आवर्तनांची वारंवारिता मिळते. याच वारंवारितेवर 1954 मध्ये चार्ल्स टाउन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलंबिया विद्यापीठात पहिला मेसर, म्हणजे सूक्ष्मलहरींचा लेसरसारखा स्रोत, चालवला. आमच्या नेहमीच्या गणनेत अणुकेंद्रके जागेवर स्थिर धरलेली असल्यामुळे टनेलिंग तिच्यात दिसतच नाही. केवळ प्रोग्रामिंग शिकलेली हुशार मुलगी ही गणना दोषरहित चालवील, कदाचित माझ्याहून जलद चालवील. परंतु सपाट अमोनियापाशी थबकण्यासाठी आणि गणनेत काय धरलेलेच नाही हे ओळखण्यासाठी रसायनशास्त्र लागते. पालकांच्या प्रश्नाला माझे खरे उत्तर हे आहे.

उलट बाजूने संगणनही वरवरचे चालत नाही. सर्वांत विश्वासू मानल्या जाणाऱ्या पद्धतींपैकी एका पद्धतीत रेणूचा आकार दुप्पट झाला की गणनेचे काम 128 पट होते. तासाभराच्या कामाला पाच दिवसांहून अधिक लागतात. नुसते मोठे यंत्र घेऊन ही अडचण सुटत नाही, गणनेची रीतच बदलावी लागते. या बाबतीत पुण्यातले काम मला अभिमानाने सांगावेसे वाटते. 1988 मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅक या सरकारी संगणन संस्थेने 1991 मध्ये परम 8000 हा महासंगणक उभा केला. पुणे विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात प्रा. श्रीधर गद्रे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी 1994 मध्ये 'मॉलिक्युलर टेलरिंग' ही पद्धत मांडली. मोठ्या रेणूचे एकमेकांवर थोडे चढणारे तुकडे करायचे, प्रत्येकाची गणना स्वतंत्रपणे करायची आणि जिथे तुकडे एकमेकांवर आले आहेत तेवढा भाग वजा करून उत्तरे जोडायची, अशी ती रीत आहे. तुकडे कुठे पाडावेत आणि कोणत्या जागी पाडल्यास रेणूचा स्वभावच बिघडतो, हे रसायनशास्त्रज्ञालाच सुचते. ते अनेक प्रोसेसरांवर वाटून चालवणे हे संगणनाचे काम आहे. दोन्ही एकाच डोक्यात असल्याचा फायदा याहून स्पष्ट कशात दिसेल?

आता प्रयोगशाळेविषयी. ती सुटणार या आशेने कोणी इकडे येत असेल, तर त्याने येऊ नये असे मी स्पष्ट सांगतो. पाण्याच्या कंपनांची हार्ट्री-फॉक गणना बंध ताणण्याच्या दोन कंपनांसाठी 4070 आणि 4190 प्रति सेंटीमीटरच्या (कंपनांची वारंवारिता सांगण्याचे एकक) आसपासची मूल्ये देते. पदार्थ कोणता प्रकाश शोषतो हे मोजून दाखवणाऱ्या वर्णपटात ती 3657 आणि 3756 येथे दिसतात. ही तफावत ठरावीक प्रकारची असल्यामुळे गणनेतून आलेल्या मूल्यांना सुमारे 0.89 ने गुणण्याची पद्धत पडली, आणि तो गुणक मोजलेल्या वर्णपटांवरूनच ठरवला गेला. ज्याने स्वतः नमुना सुकवून वर्णपट घेतला आहे, त्याला त्यातला रुंद पट्टा पाहून ओलावा राहिला असल्याचे कळते. ज्याने कधी घेतलाच नाही, तो गणनेतच दोष शोधत बसतो.

कृत्रिम बुद्धिमत्ता आल्यावर याची गरज उरेल का, हेही अलीकडे विचारतात. 2024 चे रसायनशास्त्राचे नोबेल प्रथिनांच्या संगणकीय रचनेसाठी डेव्हिड बेकर यांना, आणि प्रथिनांच्या आकाराचे भाकीत करण्यासाठी डेमिस हसाबिस व जॉन जंपर यांना मिळाले. त्या भाकितामागचा अल्फाफोल्ड हा कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रोग्राम ज्या रचनांवरून शिकला, त्या 1971 पासून चालत आलेल्या प्रोटीन डेटा बँकेत जगभरच्या प्रयोगशाळांनी एकेक करून जमा केलेल्या होत्या. मोजलेली माहिती जिथे विपुल आहे तिथे ही साधने थक्क करणारे काम करतात, आणि जिथे ती विरळ आहे तिथे पुन्हा समीकरणाकडे व प्रयोगाकडे यावे लागते.

गणिताविषयी थोडक्यात: बारावीला गणित सोडलेल्यांनी घाबरू नये, पण मॅट्रिक्स, आयगेनमूल्ये (मॅट्रिक्सची वैशिष्ट्यपूर्ण मूल्ये) आणि कलनशास्त्र पहिल्या दोन वर्षांत मनापासून भरून काढावे, कारण 1951 मध्ये रूथान या शास्त्रज्ञाने दाखवलेल्या मार्गाने सगळी गणना शेवटी मॅट्रिक्सवरच येते. लिनक्स आणि पायथॉन सरावाने येतात. महागडा लॅपटॉप घेऊ नये. लहान रेणू साध्या लॅपटॉपवर होतात आणि मोठे जॉब, म्हणजे गणनेची कामे, विभागाच्या क्लस्टरवरच (एकत्र जोडलेल्या संगणकांच्या समूहावर) लावायचे असतात.

प्रवेश घेण्यापूर्वी विभागात जाऊन तीन गोष्टी विचाराव्यात. विद्यार्थ्यांना क्लस्टरवर स्वतःच्या नावाने जॉब लावता येतात का? एकाच पदार्थाचे प्रयोग आणि गणना अशी जोड प्रात्यक्षिके आहेत का? आणि शेवटच्या वर्षाचा प्रकल्प तपासताना गणनेतील त्रुटीची चर्चा मागितली जाते का? तिन्हींची उत्तरे नकारार्थी असतील, तर अभ्यासक्रमाच्या नावावर न जाता साधी रसायनशास्त्राची पदवी गणित हा जोडविषय ठेवून करावी आणि मॉडेलिंग एम. एस्सी. ला घ्यावे.