अकरा कोटी सोडले म्हणे

परवा ग्रुपवर परत तोच वाद, बास्केटबॉलवाल्या जेलन ब्रन्सनने आपल्या न्यूयॉर्क निक्स टीमसाठी ११.३ कोटी डॉलर सोडले म्हणजे तो संत की येडा. माझ्या मते दोन्ही नाही. भाव कधी ठरवायचा याचा धडा त्याला त्याच्या जुन्या टीमने, डॅलसने दिलाय, तोही फुकटात.

म्हणजे बघा ना, २०१८ च्या ड्राफ्टला (नव्या पोरांच्या निवडीला) ३३वा नंबर, २०२१-२२ मध्ये पगार १८ लाख डॉलरच्या आसपास, म्हणजे एनबीएत (अमेरिकेच्या बास्केटबॉल लीगमध्ये) चिल्लरच. तेव्हा डॅलसला तो ४ वर्षं साधारण साडेपाच कोटी डॉलरात मिळत होता, नियमाने त्याहून जास्तीचं एक्स्टेन्शन (वाढीव करार) देताच येत नव्हतं, पण हे बसले थांबून. मग एप्रिलमध्ये डॅलसचा स्टार डॉन्चिचची पोटरी दुखावली आणि युटाविरुद्ध प्लेऑफच्या दुसऱ्याच मॅचला या पठ्ठ्याने ४१ पॉइंट मारले. झालं! उन्हाळ्यात न्यूयॉर्कने १०.४ कोटी मोजले. (त्याचे बाबा तिथेच असिस्टंट कोच, आणि निक्सचा बॉस लिऑन रोझ पूर्वी बाबांचा एजंट, म्हणजे घरचंच कार्य. मुहूर्ताआधीच बोलणी केली म्हणून लीगने निक्सचा एक सेकंड राउंड पिक (ड्राफ्टच्या दुसऱ्या फेरीतली निवड) काढून घेतला ते वेगळं.)

आता २०२४. जुलैमध्ये सही केली ४ वर्षं १५.६५ कोटीवर, वर्षभर थांबला असता तर ५ वर्षं २६.९ कोटी. वजाबाकी मीही केली, रात्री अंथरुणात मोबाईलवर, रुपयात नऊशे चाळीस कोटींच्या घरात गेली, झोपच उडाली. पण ५ वर्षांतून ४ वर्षं कशी वजा करणार राव? ते पाचवं वर्षच सहा कोटींच्या वरचं होतं. शिवाय नव्या डीलचं शेवटचं वर्ष प्लेअर ऑप्शन (राहायचं की नाही ते त्याने ठरवायचं), म्हणजे २०२८ ला तो मोकळा होऊ शकतो, तेव्हा लीगमध्ये १० वर्षं भरलेली असणार आणि मग कॅपच्या (टीमच्या पगारखर्चाच्या मर्यादेच्या) ३५ टक्क्यांपर्यंत मागता येतं, २०२५ ला ३० च मिळाले असते. आणि थांबलेल्या त्या वर्षात गुडघा गेला असता तर? सव्वासहा फुटांचाही नाही गडी, रोज त्या धिप्पाड लोकांच्या गर्दीत घुसतो.

निक्सचा मात्र सरळ फायदा, ब्रिजेस आणि टाउन्स या महागड्या खेळाडूंचे पगार अंगावर घेऊनही हिशोब बसला, २०२५ ला २५ वर्षांनी ईस्टची (पूर्व विभागाची) फायनल खेळले.

आईला हे सगळं समजावून सांगितलं. भाजी निवडता निवडता म्हणाली, "सोडले ते कळलं रे, हातात किती आले ते सांग."

सांगितल्यावर परत भाजी निवडायला लागली.