जुना कर्नल उडवायचा नाही

७ मार्च २०२२ रोजी मॅक्स केलरमन यांनी लिनक्सच्या कर्नलमधली, म्हणजे त्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातली, ‘डर्टी पाइप’ ही त्रुटी जाहीर केली. जी फाइल फक्त वाचायची परवानगी आहे, तिचाच मजकूर साध्या युजरला बदलता येत होता, आणि त्या वाटेने थेट रूटपर्यंत, म्हणजे मशीनवरचे सगळे अधिकार असलेल्या खात्यापर्यंत, पोचता येत होतं. ५.८ पासूनचे कर्नल त्यात सापडत होते, दुरुस्ती ५.१०.१०२, ५.१५.२५ आणि ५.१६.११ मध्ये होती. आमच्या सर्व्हरवर ५.१० मालिकेतलाच जुना कर्नल आणि त्यावर कितीतरी विद्यार्थ्यांची खाती. बातमी वाचल्यावर आधी सगळ्यांचं लॉगिन बंद केलं.

डेबियन या लिनक्स वितरणाचा तयार कर्नल घेतला असता तर काम लगेच उरकलं असतं. पण त्या मशीनमध्ये मोजमापं घेणारं एक कार्ड आहे. त्याचा ड्रायव्हर कर्नलच्या सोर्समध्ये नाही आणि आम्ही स्वतः बांधलेल्या कर्नलवरच तो तपासलेला आहे. म्हणून ५.१०.१०२ चा सोर्स उतरवला, चालू कर्नलची कॉन्फिग फाइल त्यात ठेवली, नव्या पर्यायांना डीफॉल्ट उत्तरं भरणारं ‘मेक ओल्डडेफकॉन्फिग’ चालवलं आणि कंपाइल लावून दिलं. ते विनातक्रार झालं. मॉड्यूल्सही, म्हणजे गरजेप्रमाणे कर्नलला जोडले जाणारे तुकडेही, बसले.

शेवटची पायरी ‘मेक इन्स्टॉल’. ती मध्येच थांबली: डिस्कवर जागा नाही.

कर्नलच्या फाइली जिथे राहतात ते /बूटचं पार्टिशन छोटं होतं. नव्या कर्नलची मुख्य फाइल तिथे पोचली होती, पण इनिटरॅमएफएस, म्हणजे बूट होताना आधी मेमरीत उतरणारा छोटा फाइलसंच, तयार होता होता जागा संपली. डिस्क कंट्रोलरचा ड्रायव्हर आमच्याकडे मॉड्यूल म्हणून आहे आणि तो याच इनिटरॅमएफएसमधून मिळतो. तो मिळाला नाही तर कर्नलला रूट पार्टिशन, म्हणजे सिस्टिमच्या मुख्य फाइली असलेला भाग, दिसतच नाही. ‘व्हीएफएस: अनेबल टू माउंट रूट एफएस’ एवढं सांगून तो पॅनिक होतो, म्हणजे जागीच थांबतो. मशीन दुसऱ्या इमारतीत बंद खोलीत, आणि आम्ही एसएसएचवर, म्हणजे नेटवर्कवरून दुरूनच जोडलेले. मशीन सुरू होताना कर्नल निवडतो तो ग्रब. तशात त्याची यादी नव्याने करणारं ‘अपडेट-ग्रब’ चालवलं असतं तर हाच अर्धवट कर्नल त्या यादीत सगळ्यात वर जाऊन बसला असता.

“सर, जुना कर्नल काढून टाकू का? जागा होईल,” माझ्या सहकारी मुलीने विचारलं. गर्दीच्या वेळी हाच उपाय पहिल्यांदा सुचतो, आणि मला तो सगळ्यात धोकादायक वाटतो. चालू असलेला कर्नल म्हणजे त्या मशीनवर चालतो हे सिद्ध झालेली एकमेव गोष्ट. मी म्हणालो, “त्याला हात लावायचा नाही. आधी हा इनिटरॅमएफएस एवढा फुगला कशाने ते बघ.”

तिने दोन्ही कर्नलची मॉड्यूल्सची फोल्डरं मोजली. जुनं काहीशे एमबीचं, नवं कित्येक जीबींचं. मग तिच्याच लक्षात आलं की कॉन्फिगमध्ये डीबग माहिती, म्हणजे चुका शोधायला लागणारी जादा माहिती, चालू आहे, आणि मॉड्यूल बसवताना ती कुणी काढलेली नाही. मागच्या वेळी ती काढली असणार, पण तशी नोंद कुठेच नव्हती. अर्धवट फाइली पुसून तिने ती माहिती काढून टाकणारं ‘इन्स्टॉल_मॉड_स्ट्रिप=१’ देऊन मॉड्यूल्स पुन्हा बसवले. इनिटरॅमएफएस जुन्याएवढाच झाला आणि /बूटमध्ये सहज मावला. तो उघडून कंट्रोलरचा ड्रायव्हर आत आहे ना, हेही तिने पाहिलं. ही तपासणी फार थोडे लोक करतात.

तरीही नवा कर्नल लगेच डीफॉल्ट केला नाही. ग्रबमध्ये डीफॉल्ट जुनाच ठेवला, ‘ग्रब-रीबूट’ने फक्त पुढच्या एका बूटसाठी नवा निवडला, आणि त्याला ‘पॅनिक=१५’ हे पॅरामीटर दिलं. पॅनिक झालाच तर पंधरा सेकंदांनी मशीन आपणहून रीबूट होऊन जुन्यावर परत येतं. दूरच्या मशीनवर कर्नल बदलणाऱ्या प्रत्येकाला ही सोय माहीत असायलाच हवी.

रीबूट दिलं. मशीन जागं आहे का हे विचारणाऱ्या पिंगला उत्तर येईना. सर्व्हरचं हार्डवेअर स्वतःची तपासणी करायलाच काही मिनिटं घेतं हे माहीत असूनही तो वेळ जाता जात नाही. मग उत्तर आलं. चालू कर्नलची आवृत्ती सांगणारं ‘यूनेम -आर’ चालवलं: ५.१०.१०२.

कार्डाचा ड्रायव्हर नव्या कर्नलसाठी वेगळा बांधावा लागला. तो लोड झाल्यावर रात्रभर मोजमापं घेऊ दिली आणि सकाळी आकडे आधीच्यांशी ताडून पाहिले. ते जुळल्यावरच नवा कर्नल डीफॉल्ट केला, लॉगिन उघडलं, आणि स्ट्रिपची ती कमांड इन्स्टॉलच्या स्क्रिप्टमध्येच लिहून टाकली. जुना कर्नल पुढचा बदल होईपर्यंत ग्रबच्या यादीत तसाच ठेवला.