चौकातला निकाल

संध्याकाळी सांगलीत विश्रामबाग चौकात एका पोरानं रस्त्यातच गाडी थांबवली. मागं हॉर्नचा नुसता कालवा. "रील काढत असणार," शेजारचे काका म्हणाले. दुसऱ्यानं तर थेट आईबापाचे संस्कार काढले! पोरगं बिचारं मागं बसलेल्या आजीचा चाकात गुंतलेला पदर सोडवत होतं.

ली रॉस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९७७ साली या खोडीला शास्त्रीय नाव दिलं. दुसरा चुकला की त्याचा स्वभावच तसा म्हणायचं, त्याच्यावर काय वेळ आलीय ते बघायचंच नाही. (आपण थांबलो की मात्र 'अर्जंट फोन' असतो.)

काकांना पदर दाखवला. काका गडी ऐकतोय होय! म्हणतात, "मग म्हातारीनं पदर नीट खोचायला नको?"