धर्माच्या रकान्यात काय सांगायचं?

आम्ही गोंड आदिवासी. जनगणना येतेय, तर आमच्या घरात भांडण पेटलंय. बाबा म्हणतात, धर्म 'गोंडी' सांगायचा. मामा म्हणतो, 'आदिवासी' सांगा, म्हणजे सगळे एकत्र मोजले जाऊ. नागपूरला नोकरी करणारा भाऊ म्हणतो, काहीही लिहू द्या, एसटीचा दाखला थोडाच जातोय?

दाखल्याचं त्याचं खरं आहे. अनुसूचित जमातीला धर्माची अट नाही. पण मोजणीचं काय? 2011 च्या अर्जात हिंदू, मुस्लिम, ख्रिश्चन, शीख, बौद्ध, जैन एवढ्यांनाच कोड, म्हणजे ठरलेला आकडा, होता. बाकीच्यांनी नाव सांगायचं आणि 'इतर'मध्ये जाऊन पडायचं. आमच्याकडे तर प्रगणकाने न विचारताच 'हिंदू' लिहिलं. तरी देशात 49 लाखांवर लोकांनी 'सरना', म्हणजे तिकडच्या आदिवासींचा निसर्गपूजक धर्म, लिहून घेतलं, बहुतेक झारखंडचे. 'गोंडी' सांगणारे दहा लाखांच्या घरात. जैन तेव्हा सुमारे साडेचव्वेचाळीस लाख होते, त्यांना 2014 मध्ये अल्पसंख्याक दर्जा मिळाला. पारशी 57 हजार, ते 1993 पासून यादीत आहेत. त्यांना मिळालं याचं वाईट नाही हो, पण सरनावाले अजून 'इतर'च! झारखंड विधानसभेने 2020 मध्ये सरना कोडचा ठरावही केला.

मला अल्पसंख्याक दर्जा हवा तो शाळेसाठी. आमच्याच गडचिरोली जिल्ह्यात, धानोरा तालुक्यात, मोहगावच्या ग्रामसभेने 2019 मध्ये गोंडी माध्यमाची शाळा काढली. शिक्षण खात्याने ती अनधिकृत ठरवली. अल्पसंख्याकांना स्वतःच्या शाळा काढायचा हक्क कलम 30 देतं, धर्माने आणि भाषेनेही. म्हणजे भाषेच्या जोरावरही आम्ही भांडू शकतो. धर्माचीही मान्यता असली तर जोर दुप्पट.

भीती एकच, डी-लिस्टिंगवाल्यांची. धर्म बदललेल्या आदिवासींना यादीतून काढा, अशी त्यांची मागणी. आमचा धर्म वेगळा नोंदला की उद्या तेच हत्यार आमच्यावर फिरवतील, असं भाऊ म्हणतो. मला ते पटत नाही. जुनाच धर्म पाळणाऱ्याने बदललं काय?

मामाची 'एकत्र'वाली गोष्ट मात्र अर्धी पटते. सरना म्हणा, असं कुणी आम्हाला सांगितलं तर कचारगडच्या, म्हणजे आम्हा गोंडांच्या तीर्थाच्या, जत्रेत भांडणं होतील. आम्ही सातदेवे, म्हणजे सात देव मानणाऱ्या कुळांतले; सोयरीक जुळवतानाही आधी देव विचारतात. तिथे झारखंडचं नाव कोण लावून घेणार? 'आदिवासी धर्म' असा एक कोड द्या, त्याखाली ज्याने त्याने आपलं नाव लिहावं. 1941 पर्यंत जनगणनेत आदिवासींचा वेगळा रकाना होताच की.

यंदा स्वतः ऑनलाइन भरायची सोय आहे म्हणे. गावात रेंज नाही. त्यामुळे प्रगणकाच्या शेजारी बसून तो काय भरतो ते बघायचं काम बाबांनी माझ्यावर टाकलंय.